बोलण्याच्या वेगानं

५ फेब्रुवारी

चिंगीबाईंना ताईचा आशीर्वाद, आणि एक गाऱ्हाणं.

फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक पडदा. मी कितीही कुजबुजले तरी ह्यांना ऐकू जातं. जन्मभर रस्त्याला काठी टेकवून जमिनीखालच्या नळांची गळती ऐकलेला माणूस, त्याच्यापासून बायकोचं बोलणं काय लपणार? म्हणून पत्र.

काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाठ स्वरयंत्रावरच आहे आणि ते अख्खं काढावं लागेल. पुढच्या महिन्याच्या मध्यावर ऑपरेशन. जीव वाचेल म्हणतात, पण आवाज जाईल. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, आणि तुझे भावजी डॉक्टरांना म्हणतात, "म्हणजे बायकोला उलट उत्तर द्यायची सोय गेली म्हणा की!" डॉक्टर हसले. मला नाही हसता आलं.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पुस्तक संपवायचं." पुस्तक तुला ठाऊक आहेच. पाणीपुरवठ्यात काढलेली वर्षं, जमिनीखालून गेलेल्या वाहिन्या, कुठली कधी फुटली आणि कशी बुजवली. निवृत्त झाल्यापासून 'लिहीन, लिहीन' चाललं होतं, तेवढ्यात झटका आला आणि उजवा हात कायमचा संपावर गेला. डाव्या हाताने जेमतेम सही होते. म्हणून ते सांगणार आणि मी टाइप करणार, असं ठरलंय.

आणि इथेच घोडं पेंड खातं. त्यांचा आवाज फक्त सकाळी धड असतो, दुपारपर्यंत नुसती खरखर उरते. त्यांचं वाक्य संपतं तेव्हा मी अजून माऊस फिरवत तो बाण कुठे गडप झाला ते शोधत असते. मग मी "थांबा" म्हणते, ते थांबतात, आणि पुढचं काय ते विसरतात. काल मी इतक्यांदा थांबवलं की म्हणाले, "अगं, मी काय सिग्नलला उभा आहे?" हसत म्हणाले, पण तेवढ्यात आवाज बसला आणि दिवस वाया गेला.

तू वकिलांच्या ऑफिसात दिवसभर टाइप करतेस. मी बघितलंय, तुझा हात माऊसला लागतसुद्धा नाही. ते मला शिकव, आणि लवकर शिकव. त्यांच्या बोलण्याच्या वेगानं टाइप करता आलं की झालं, मला दुसरं काही नको. आवाज आहे तोवर सगळं उतरवून घ्यायचंय.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन दोनदा वाचलं, रडले, तोंड धुतलं आणि जागेवर येऊन हे लिहायला बसले. धीर द्यायला मला कधीच जमलं नाही. शॉर्टकट मात्र जमतात.

आधी एक विचारते. रेकॉर्डर पाठवू का? भावजी बोलतील, तू मागाहून सावकाश टाइप कर.

तो नको असेल तर पहिलं काम, माऊस कपाटात टाक. खरंच टाक, नाहीतर हात तिकडे जातोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत असते माऊसवाल्यांची. डाव्या करंगळीला कंट्रोलच्या कळेवर राहायची सवय लाव. शब्द चुकला तर एकेक अक्षर खोडत बसू नकोस, कंट्रोल धरून बॅकस्पेस मारलास की अख्खा शब्द जातो. कंट्रोल आणि बाण दाबलास की एका उडीत पुढच्या शब्दावर. होमने ओळीच्या सुरुवातीला, एंडने शेवटी. सगळं एकदम निवडायचं तर कंट्रोल ए, मग अक्षर मोठं कर, ठळक कर, काय हवं ते. चुकलंच काही तर कंट्रोल झेड, तो झालेलं न झालेलं करतो.

भावजी 'पाणीपुरवठा' दिवसातून किती वेळा म्हणतील, सांगता येत नाही. त्याच्यासाठी मशीनला 'पापु' शिकवून ठेव. तू पापु लिहून स्पेस दाबलीस की ते आपोआप पुरा शब्द घालतं. कसं करायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेव.

सगळ्यात मोठी गोष्ट कंट्रोल एस. त्यानं काम जतन होतं. श्वास घेतलास की कंट्रोल एस. उठायचं झालं की कंट्रोल एस आणि लगेच कंट्रोल डब्ल्यू, म्हणजे फाइल बंद. त्यात विचार नको, हातालाच सवय हवी. आमच्याकडे एकदा वीज गेली आणि अख्खा करार उडाला, तेव्हापासून माझं बोट झोपेतही एस दाबतं, असं नवरा म्हणतो. सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय, रोज त्याच्यावर एक प्रत घे.

आणि एक धंद्यातलं गुपित. अर्थाच्या मागे लागू नकोस. मी करार टाइप करते तेव्हा त्यात काय लिहिलंय ते मला कळत नाही. कळून घ्यायला गेले की हात अडखळतो. शब्द कानातून थेट बोटात जाऊ दे, मधे डोकं नको.

तुझी चिंगी

२४ फेब्रुवारी

चिंगे,

रेकॉर्डर नको. शेजाऱ्यांचा आणून बघितला. यंत्र समोर ठेवलं की हे रजेचा अर्ज वाचून दाखवल्यासारखे बोलतात. पाच मिनिटांत म्हणाले, "उचल हे. समोर माणूस लागतं." तेव्हा मी समोर.

पहिले चार दिवस नाकी नऊ आले. काय दाबलं गेलं कुणास ठाऊक, एक अख्खं पान तिरकं झालं. ह्यांनी तसंच मान तिरकी करून वाचलं आणि म्हणाले, "चांगलंय, पाणी उताराला लागलं." पापुने तर बहार केली. आता मुद्दाम पाणीपुरवठा, पाणीपुरवठा म्हणत बसतात आणि मशीन शब्द कसा पुरा करतं ते बघत राहतात.

पण मग हात बसला. तुझं ते गुपित लागू पडलं बघ. डोकं बाजूला ठेवल्यापासून मी "थांबा" म्हणालेले नाही. ते बोलतात आणि बोटं चालत राहतात. मी नजर समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर ठेवते. म्हातारपणी एखादी कला यावी तसं झालंय, मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

आणि काल काय झालं ते ऐक. मोठी वाहिनी फुटल्याचं प्रकरण सांगत होते. सांगता सांगता खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सरळ गुंड्यावर आले.

तुला माहीतच आहे, आपला गुंड्या गेल्यापासून ह्यांच्या तोंडून कधी त्याचं नाव निघालं नाही. तो तापात असताना हे त्या फुटलेल्या वाहिनीवर होते, आणि घरी पोचले तेव्हा लेकरू गेलेलं होतं. मी किती वर्षं वाट बघितली, की कधीतरी माझ्यापाशी बोलतील, रडतील, भांडतील तरी. मग वाट बघणंही सोडून दिलं. आणि काल बोलले! सकाळभर बोलले. आवाज चिरकत होता तरी थांबले नाहीत. आणि चिंगे, मी त्यांना एकदाही थांबवलं नाही. एक शब्द सुटला नाही. चौदा पानं झाली. बोलून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "सगळं उतरलं हो!" त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन पडले. दमले असणार.

वाचायला मला अजून सवड झालेली नाही. ऑपरेशन झालं की निवांत वाचीन. सध्या फक्त उतरवून घ्यायचं.

तुझी ताई

१ मार्च

ताई,

चौदा पानं न थांबता! आमच्या मोठ्या वकीलसाहेबांना सांगितलं तर तुला उद्यापासून कामावर बोलावतील.

पण भावजी म्हणाले काय? किती पानं झाली ते सांगितलंस, त्यांतली एक ओळ नाही सांगितलीस. गुंड्याला मीही कडेवर घेऊन फिरवलंय गं. माझ्या वेणीचं टोक तोंडात घालून झोपायचा. भावजींच्या मनात इतकी वर्षं काय होतं ते मलाही ऐकायचंय. त्यांना चालणार असेल तर लिही.

पेनड्राइव्हवर प्रत घेतेस ना?

ऑपरेशनच्या वेळी येणारच होते, पण सासूबाई पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना उठवायला दोन माणसं लागतात आणि घरात आम्ही दोघंच आहोत. रागावू नकोस.

चिंगी

२ एप्रिल

चिंगे,

येता आलं नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. ऑपरेशन नीट झालं. गळ्याला पुढून एक भोक ठेवलंय, श्वास तिथूनच चालतो. घरी आणलंय. पाटीवर डाव्या हाताने मोठी मोठी अक्षरं काढतात. मला बोलवायचं असलं की चमचा पेल्यावर वाजवतात. शेवटचं काय बोलले, तर ऑपरेशनला नेताना नर्सला म्हणाले, "हिचा चहा राहिलाय, तेवढा द्या." तो मी प्याले नाही.

तू विचारलं होतंस, भावजी काय म्हणाले. त्याचं उत्तर देता येत नाही म्हणूनच इतके दिवस पत्र लिहिलं नाही.

घरी आल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी ह्यांना झोप लागली. म्हटलं, आता गुंड्याचं प्रकरण वाचावं. फाइल उघडली, अक्षर बारीक दिसत होतं. मोठं करायला कंट्रोल ए दाबून सगळं निवडलं. तेवढ्यात आतून चमचा जोरजोरात वाजला. भोकात चिकटा अडकला की ते घाबरतात, जीव कासावीस होतो. मी दचकले, अंगठा स्पेसवर पडला आणि हाताने सवयीने आपलं काम केलं. कंट्रोल एस, कंट्रोल डब्ल्यू. कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघितलंही नाही. आत धावले.

त्यांचं सगळं करून परत आले, फाइल उघडली. पान पांढरं. निवडलेलं सगळं त्या एका स्पेसनं पुसलं होतं, आणि मी तेच जतन केलं होतं. खाली गेले, तिथेही काही नाही. कंट्रोल झेड दाबत राहिले. बंद केलेल्या फाइलीत तो काय करणार?

पेनड्राइव्ह तू पाठवलास त्या पाकिटातच आहे. रोज उद्या उद्या म्हणत राहिले.

चिंगे, एक शब्द सुटला नाही असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. आता डोळे मिटून बसते आणि एक शब्दसुद्धा आठवत नाही. त्यांनी सुरुवात कशी केली, शेवट कसा केला, मला दोष दिला की स्वतःला, काही माहीत नाही. चेहराही आठवत नाही, कारण मी खिळ्याकडे बघत होते. मधेच आवाज चिरकला तेवढं आठवतं, कारण तिथे एक शब्द नीट ऐकू आला नव्हता आणि माझा हात अडखळला होता. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या समोर घडलं, आणि मी तिथे नव्हते.

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

ताई

७ एप्रिल

ताई,

चूक माझी आहे. कंट्रोल एसची सवय मी लावली, मधे डोकं नको हे मीच शिकवलं. आता प्रती घे म्हणून सांगणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तरी बाकीच्या प्रकरणांच्या आजच्या आज घे.

फाइल कधी कधी मशीनच्या पोटात कुठेतरी उरते. जाणकार माणूस बोलाव, आणि तोवर कॉम्प्युटरवर नवीन काही लिहू नकोस. आमच्याकडच्या एकाने गेलेली फाइल परत आणलेली मी बघितलीय.

आणि नाहीच मिळाली तर तू लिही. उंटावरून शेळ्या हाकतेय असं वाटेल, पण जरा विचार कर. गुंड्या गेला तेव्हा त्याच्याजवळ तू होतीस, भावजी नंतर आले. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? ह्या पुस्तकात त्यांची भाषा कशी चालते तेही आता तुझ्या बोटांत बसलंय. ताई, त्यांचे टाके ओले आहेत. ज्या पुस्तकासाठी घशातलं शेवटचं बोलणं खर्च केलं त्याच्यात भोक पडलंय, हे आत्ता कळलं तर माणूस खचेल. सांगू नकोस.

चिंगी

१९ एप्रिल

चिंगे,

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. दोन दिवस मशीन दुकानात ठेवलं होतं. त्याला पाणीपुरवठा सापडला, गुंड्या नाही सापडला. ह्यांना सांगितलं, मशीन साफ करायला दिलंय.

मग तुझं ऐकलं आणि लिहायला बसले. ह्यांच्या जागी बसून 'मी' म्हणायचं होतं. वाहिनीवरून निरोप मिळाला, चिखलाच्या बुटांनी निघालो, जिना चढलो, इथपर्यंत जमलं. दारातून आत आलो की पुढे जमेना. आत आल्यावर त्यांना काय दिसलं? मला माझंच दिसतं. शेवटी मी लिहिलं की ती दारात उभी होती आणि मला बघून ओरडली. तसंच झालं असणार. मुलाबद्दल चार ओळी लिहिल्या, पण त्या माझ्या ओळी आहेत, त्यांच्या नाहीत. सगळी मिळून सहा पानं झाली. चौदा कुठून आणू?

पाटीवर दोनदा लिहून झालंय, 'ते प्रकरण दाखव.' दोन्ही वेळा मी औषधाचं निमित्त काढलं. आता निमित्तं संपली. उद्या दाखवते.

ताई

५ मे

ताई,

उद्या दाखवते म्हणालीस त्याला दोन आठवडे झाले. फोन केला की "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून देतेस. तुझा 'सगळं ठीक' मी लहानपणापासून ओळखते. भावजींनी ओळखलं का? रागावले का? माझं नाव सांग त्यांना. सांग की हिनेच शिकवलं आणि हिनेच लिहायला लावलं. मी ऐकून घेईन. पण काहीतरी लिही.

चिंगी

१४ मे

चिंगे,

तुला वाट बघायला लावली. लिहायला बसले की हात चालत नव्हता.

त्यांनी वाचलं. डावा हात खाली जायच्या बाणावर ठेवून, एकेक ओळ सरकवत वाचलं. सहा पानांना दुपार गेली. मी शेजारी उभी होते. वाचून झाल्यावर पाटी ओढली आणि लिहिलं, 'हे मी सांगितलं नव्हतं.'

मग मी सगळं सांगितलं. चमचा, अंगठा, पांढरं पान, कॉम्प्युटरवाला, सगळं. रडत रडत म्हटलं, तुमच्या पुस्तकातलं एवढं मोलाचं प्रकरण मी घालवलं, शिव्या द्या मला. आणि ज्याला शिव्याही देता येत नाहीत त्याला हे म्हणतेय, हे लक्षात आल्यावर आणखीच रडले.

ते रागावले नाहीत. पाटी पुसली, आणि लिहिलं, 'ते पुस्तकासाठी नव्हतं.'

पाटी परत पुसली. 'तुला सांगत होतो.'

चिंगे, मला कळेना माझं काय होतंय ते. खुर्ची माझ्याकडे का वळवली होती ते तेव्हा कळलं. बोलून झाल्यावर माझ्याकडे कशाची वाट बघत होते ते कळलं. आणि मी त्यांना काय म्हणाले होते? "सगळं उतरलं हो!" त्यांनी इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, आवाज जायच्या आधी बायकोला एकदा सांगून घ्यावं म्हणून, आणि बायको टाइप करत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग परत सांगा ना. आता ऐकते." बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी गळ्यावरच्या पट्टीला हात लावला. मग लिहिलं, 'एकदाच जमलं.'

तू स्वतःला दोष देऊन घेशील, तो घेऊ नकोस. तू वेग शिकवलास, तोही मी मागितला म्हणून. समोर कोण बसलंय आणि का बसलंय, हे मला बायको म्हणून कळायला हवं होतं. तू दुसऱ्या गावाहून ते कसं शिकवणार होतीस?

पुस्तक त्यांनी बाजूला ठेवलंय. माझी सहा पानं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. मला आधी विचारलं, मी हो म्हटलं. आता सकाळी ते स्वतः कळफलकासमोर बसतात. डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधतात. तुझ्या मनात येईल की एका हातानं काम करणाऱ्यांसाठी काही सोय असते, अर्धा शब्द लिहिला की मशीन पुरा करतं. असेल. पाठवू नकोस. मी पापुसुद्धा काढून टाकलंय.

दुसरी बातमी चांगली नाही. फुप्फुसात सावली दिसते, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते ह्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. म्हणजे घाई पहिल्यापेक्षा जास्तच आहे. पण मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसते आणि हात मांडीवर ठेवते. शब्द चुकला तर तो त्यांनाच खोडू देते. कधी सकाळभरात एक ओळ होते, कधी तीही होत नाही.

काल त्यांनी लिहिलं, 'दार उघडंच होतं. तू त्याचे केस विंचरत होतीस.'

मी दारात नव्हते, चिंगे. मी ओरडलेही नाही. मी गुंड्याचे केस विंचरत होते, आणि इतकी वर्षं मला ते आठवत नव्हतं. ज्याला आठवत होतं तो घरातच होता. मी त्यांना विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" त्यांनी बोट उचललं आणि पुढचं अक्षर शोधायला लागले. दुपार होईपर्यंत सापडलं नाही. आज सकाळी परत बसलेत. मीही त्यांच्या शेजारीच बसून हे लिहितेय, आता थांबते.

ताई